आतल्या बाजूचे दोन टायर

“सगळा दिवस त्या गाडीला पुसायचं. माझ्या खोलीतला पंखा धुळीने जड झालाय, त्याला कुणी फडकं लावेल तर शपथ.”

सासूबाई हे कुणाला उद्देशून बोलत नव्हत्या. वहिनीच्या शिलाई मशीनपासून हातभर अंतरावर बसून त्या डब्यातली बटणं रंगांप्रमाणे निवडत होत्या आणि त्यांचं बोलणं बटणांशी चाललं होतं. पण या घरात बटणांशी बोललेलंही ज्याला लागायचं त्याला बरोबर लागत असे.

वहिनीने पाय थांबवले, मशीन थांबलं. खरं तर ती वहिनी एकाच दिराची. पण दिराने हाका मारून मारून ते नाव सगळ्या गल्लीच्या तोंडी बसवलं होतं. पँटची उंची कमी करायला येणारी पोरं, पडदे शिवून नेणाऱ्या बायका, टपालवाला, सगळ्यांचीच ती वहिनी. खिडकीतून तिला अंगण दिसत होतं, अंगणात ट्रक, आणि ट्रकच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसलेला तिचा नवरा. तोही असाच सगळ्यांचा दादा होऊन बसला होता.

दादाच्या हातात कापडाचा बोळा होता, वहिनीच्याच कापडाच्या चिंध्यांचा. बोळा पत्र्याच्या डब्यात बुडवायचा, टायरच्या अंगावरून गोल फिरवायचा, दोन पावलं मागे सरून मान तिरकी करून बघायचं, की पुन्हा बोळा. टायर असा काळाकुळकुळीत दिसत होता की नवख्याला वाटावं, गाडी आत्ता लांबच्या खेपेला निघालीय, ड्रायव्हर फक्त चहा संपवतोय.

ती गाडी गेले कित्येक महिने अंगणाबाहेर पडली नव्हती.

आधी क्लच घसरत होता. क्लच बदलला. मग गिअर अडकायला लागला. मिस्त्री येऊन बघून गेला, म्हणाला, “लोण्यासारखा पडतोय की.” तेव्हापासून बाजारात मंदी आली. मंदी जरा हटली तर हवा बरोबर नव्हती. गाडीचं दुखणं संपलं की बाजाराचं सुरू व्हायचं, आणि घरातली सगळी माणसं त्या दुखण्याची अगदी मनापासून विचारपूस करायची.

खरं काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. उतारावरच्या एका वळणावर दादाने गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली आणि हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. पुढे काही आडवं आलं नव्हतं. ब्रेक ठीक होते, रस्ता कोरडा होता. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. शेवटी मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला, त्याने दादाला बाजूला सरकवलं, गाडी कडेला घेतली, त्याला पाणी पाजलं आणि आपल्या जोडीदाराला बसवून गाडी घरापर्यंत पोचती केली. घरी आल्यावर दादा म्हणाला, “क्लच घसरतोय,” आणि आंघोळीला गेला.

बाकीचं त्या ड्रायव्हरने धाकट्याला, म्हणजे दादाच्या भावाला सांगितलं. धाकट्याने वहिनीला सांगितलं. सासूबाईंना सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं, त्याच संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “मला काही सांगू नका हं. मला म्हातारीला काय कळतंय!” म्हणजे त्यांनाही सगळं कळलं होतं. तेव्हापासून चौघेही एका ताटात जेवायला बसावं तसे त्या गोष्टीभोवती बसत आणि कुणीच हात घालत नसे.

यात नवल वहिनीचंच होतं. तिला आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचं ‘का’ हवं असे. दूध उतू जाताना आधी कडेनेच का चढतं, शिंप्याची कात्री डावऱ्याला का जमत नाही, शेजारणीने रंग देताना खिडकी तेवढी का सोडली. धाकट्याने तिचं नाव ‘चौकशी खिडकी’ ठेवलं होतं. ती दिसली की तो हात जोडून म्हणायचा, “खिडकी उघडी आहे का?” एवढी चौकस बाई, पण नवऱ्याला ‘वळणावर काय झालं हो?’ हे चार शब्द तिने विचारले नव्हते. कितीदा जिभेवर आले आणि तिने ते सुईतल्या दोऱ्यासारखे दातांनी तोडून टाकले.

गोदामवाल्यांचा निरोप आला नसता तर हे असंच चाललं असतं. गोदामाचा माल गावोगावच्या दुकानांना पोचवायचं कायमचं काम होतं. रोजची ठरलेली वाट, संध्याकाळी घरी. निरोप आणला धाकट्याने. तो स्वतः भाजीची छोटी व्हॅन चालवायचा, आणि गोदामाच्या दारात उभा राहून बातम्या गोळा करणं हा त्याचा जोडधंदा होता.

“दादा, हे काम म्हणजे लॉटरी आहे. पण या आठवड्यात हो किंवा नाही सांगायचंय. नाहीतर ते दुसऱ्याची गाडी लावणार आहेत.”

दादा उठून अंगणात गेला. बराच वेळ गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा, वहिनीला शब्द सापडेना, सुटका झाल्यासारखा दिसत होता.

“टायर गेले,” तो म्हणाला. “भेगा पडल्यात. चार टायरना. या टायरवर माल भरायचा म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्यांना सांग, टायर नाहीत.”

“अरे देवा,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनाही थोडं बरं वाटल्यासारखं झालं.

वहिनी मात्र उठून बाहेर गेली. टायरच्या काळ्या चकचकीत अंगावर बारीक भेगांचं जाळं पसरलं होतं, उन्हाने तडकलेल्या चिखलासारखं. तिने नखाने एक भेग उघडून बघितली. टायरची नक्षी मात्र कोरी होती. खाचांमध्ये अजून नव्या टायरचे रबराचे केस होते.

“अहो, पण हे तर आपण आत्ता आत्ता घेतलेत. चाललेच कुठेत?”

“नशीब,” दादा म्हणाला.

“नशीब कसं? यांना गॅरंटी असेल ना?”

धाकट्याने हात जोडले. “उघडली खिडकी.”

दुसऱ्या दिवशी वहिनी पिशवीत टायरची पावती आणि मोबाइलमध्ये भेगांचे फोटो घेऊन धाकट्याच्या व्हॅनमधून टायरच्या दुकानात गेली. दादा आला नाही. त्याला गाडीचा आरसा घट्ट करायचा होता.

दुकान म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. टायरांचे खांब छताला टेकलेले, रबराचा वास असा दाट की कपड्याला चिकटून घरी यावा. दुकानाचा मालक, ज्याला सगळे शेठ म्हणत, तो एकावर एक रचलेल्या तीन टायरांच्या पोकळीत पाय सोडून बसला होता आणि तिथूनच कारभार बघत होता.

“टायरला जन्मतारीख असते, माहितीय?” त्याने फोटो मोठा केला. “ही बघा, या चार आकड्यांत. कितव्या आठवड्यात, कुठल्या साली. तुमचे अजून बाळ आहेत.”

“बाळाला सुरकुत्या?” वहिनी म्हणाली.

शेठ खूश झाला. गिऱ्हाईक प्रश्न विचारतंय याचं त्याला अप्रूप होतं. बाकीचे नुसते भाव विचारत. त्याने तिला समजावलं की कंपनीची चूक निघाली तर जेवढं रबर शिल्लक असेल त्या मानाने नव्या टायरमध्ये वजावट मिळते, आणि चूक कुणाची ते कंपनीचा माणूस येऊन डोळ्यांनी बघून ठरवतो. परवा येणार आहे, गाडी इथे घेऊन या.

“भेगा कशाने पडतात पण?”

“उन्हाने पडतात, हवा कमी असली की पडतात, रबरच खराब निघालं तर पडतात. गाडी उभी राहिली तरी पडतात.”

“आमच्याकडे इलॅस्टिकचं तसंच होतं,” वहिनी म्हणाली. “खणात पडून राहिलेलं ओढलं की तडतड तुटतं. वापरातलं टिकतं.”

“तेच. रबराची जात एकच.” मग त्याला धंदा आठवला. “बरं, क्लेम लागो न लागो, नवे तर टाकायला लागणार. या, दाखवतो.”

त्याने दोन टायर पुढे गडगडत आणले. एकाच्या नक्षीत सरळ रेषा होत्या, नांगरलेल्या शेतासारख्या. दुसऱ्याला दणकट आडवी बटणं होती. वहिनीने दोघांवरून हात फिरवला, कापडाचं सूत बघावं तसा.

“हा सरळ रेषांचा डांबरी रस्त्याचा. पळतो छान, आवाज करत नाही. हा बटणांचा खडीवर, चिखलात, चढावर. पकड सोडत नाही, पण डांबरावर घातलात तर लवकर गोटा होईल, सगळी नक्षी झिजून गुळगुळीत. काही लोक पुढे हा आणि मागे तो घालतात. आता मला सांगा, गाडी कुठे चालणार?”

“गोदामाचं काम आहे,” धाकटा म्हणाला. “म्हणजे बोलणं चालू आहे.”

“म्हणजे गावातले रस्ते, सारखं थांबायचं, निघायचं. बरं. ड्रायव्हर कसाय? ब्रेक दाबत चालवणारा, की गिअरवर खेळणारा?”

“दादाच चालवणार!” धाकटा इतक्या घाईने म्हणाला की शेठने वर बघितलं.

“दादाच ना? मग प्रश्नच नाही. त्यांचा हात मला माहितीय. त्यांचे टायर कडेने कधी खाल्ले जात नाहीत.”

वहिनी सरळ रेषांच्या टायरमधली एक खाच बोटाने मोजल्यासारखी करत राहिली. टायर निवडणं इतकं सोपं असतं हे तिला माहीत नव्हतं. फक्त गाडी कुठे जाणार आणि कोण नेणार एवढं सांगायचं असतं. तेवढंच तिला सांगता येत नव्हतं.

घरी आल्यावरही तिच्या डोक्यातला किडा वळवळत होता. दादा म्हणाला होता चार टायर. गाडीला चाकं सहा. पुढे दोन, मागे दोन्ही बाजूंना जोडी. मग उरलेले दोन?

दुपारी दादा केस कापायला गेला, तेव्हा तिने जुनी चादर अंगणात अंथरली, बॅटरी घेतली आणि गाडीखाली शिरली.

“काय हरवलं?” सासूबाईंनी पायरीवरून विचारलं.

“काही नाही, आई. बघतेय.”

“आता गाडीखाली पण खिडकी उघडलीस का?”

आत जुन्या लोखंडाचा आणि ग्रीसचा वास होता. मागच्या जोडीतला बाहेरचा टायर तडकलेला. त्याला चिकटून असलेला आतला टायर धुळीने करडा झालेला. तिने पदराने धूळ पुसली. शाबूत. दुसऱ्या बाजूला सरपटत गेली, तिथेही तेच. आतले दोन्ही धड.

ती तशीच पाठीवर पडून राहिली. सहाही टायर एकाच दिवशी आणलेले, जन्मतारीख एकच, उभे एकाच जागी. ऊन लागून म्हणावं, तर भिंतीकडच्या बाजूला ऊन येतच नाही, आणि तिकडचेही तडकलेत. हवा त्यांच्यात सारखीच. मग बाहेरच्या चौघांना असं काय मिळालं जे आतल्या दोघांना मिळालं नाही?

तिने हात लांब करून आतल्या टायरला लावून बघितला. खालून लागत होता. बाहेरून मात्र कुणाचा हात तिथे पोचला नसता. बोळा तर नाहीच.

“अगं बाई,” वहिनी गाडीच्या पोटाला म्हणाली.

संध्याकाळी दादा केस बारीक करून, मानेवर पावडर लावून आला आणि डबा घेऊन बसला. वहिनी जवळ जाऊन उभी राहिली.

“या डब्यात काय असतं हो?”

दादा खुलला. कितीतरी दिवसांत तिने त्याच्या कामातलं काही विचारलं नव्हतं. “हे होय? जळकं ऑइल, त्यात थोडं डिझेल. डिझेल जास्त झालं की वाळतं, ऑइल जास्त झालं की धूळ धरतं. अंदाज लागतो. आमच्या उस्तादाने शिकवलेलं. उस्ताद म्हणायचा, गाडीचा रंग गेला तर गेला, टायर काळा पाहिजे. टायर करडा दिसला की माल देणाऱ्याला वाटतं, ही गाडी बसलेली आहे.”

“आणि टायर काळा असला की?”

“की वाटतं, गाडी कामावर आहे.”

तो पुसत राहिला. त्याचा हात टायरवर किती हळू फिरत होता ते वहिनी बघत होती. असा हात त्याने पोरगी तान्ही होती तेव्हा तिच्या डोक्यावरून फिरवला होता. आता ती सासरी होती आणि फोनवर रोज विचारायची, ‘बाबा गाडीवर गेले का?’ आणि वहिनी म्हणायची, ‘क्लच घसरतोय गं.’

सांगावं का? ‘अहो, तुम्हीच मारलेत हे टायर.’ तिने शब्द जुळवून बघितले. कसेही जुळवले तरी टोचतच होते. शेवटी ती म्हणाली, “मानेवरची पावडर पुसा. लग्नाला निघाल्यासारखे दिसताय.”

ठरल्या दिवशी गाडी दुकानात न्यायची होती. दादाने किल्ली खिशातून काढली, किल्लीकडेच बघितलं, आणि धाकटा बाजूलाच उभा होता तो एकदम म्हणाला, “दे, मी घेतो. मला तिकडचा रस्ता माहितीये.”

तो रस्ता दादाने डोळे मिटून चालवला असता, असं गल्लीतलं पोरही सांगेल. पण कुणी हसलं नाही. दादाने किल्ली दिली. वहिनी मध्ये बसली, दादा खिडकीशी, क्लीनरच्या जागेवर. भेगाळलेल्या टायरांवर, रिकामी गाडी, धाकटा बैलगाडी हाकावी तशी हाकत होता. वाटेत एकच वळण होतं, तेही सपाटीवर. वळण आलं तेव्हा वहिनीच्या पायाला काहीतरी लागलं. दादाचा उजवा पाय रिकाम्या पत्र्यावर दाबून बसला होता, ब्रेक असतो तसा. वळण गेलं तरी तो उचलला गेला नाही. वहिनीने आपला पाय हळूच बाजूला घेतला, जागा करून दिली.

धाकट्याने कंपनीच्या साहेबांसाठी म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला होता. दुकानात स्कूटरवरून हेल्मेट घातलेली एक बाई आली, पिशवी काढली, आणि सरळ गाडीकडे चालू लागली.

“साहेब कधी येणार?” धाकट्याने तिला विचारलं.

“आले,” ती म्हणाली.

शेठ टायरांच्या पोकळीतून हसला. धाकट्याने शर्टाची कॉलर उगाच नीट केली.

बाईने एक छोटं पितळी माप काढून नक्षीच्या खाचेत घातलं. मग आणखी एका खाचेत. मग गुडघ्यावर बसून टायरच्या अंगावर बॅटरी तिरकी धरली. तिला घाई नव्हती. वहिनी तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली तेव्हा ती जरा सरकली, दोघींना दिसावं म्हणून.

“नक्षी जवळजवळ पुरी आहे,” ती म्हणाली. “पाय तरुण आणि तोंड म्हातारं.”

“म्हणजे वजावट बरीच मिळणार!” धाकटा म्हणाला.

“आधी म्हातारपण कुठून आलं ते बघू.” तिने टायरवरून बोट ओढलं आणि नाकाशी नेलं. “याला काय लावता?”

“पाणी,” धाकटा म्हणाला. “नुसतं स्वच्छ पाणी.”

“तुमच्याकडच्या पाण्याला डिझेलचा वास येतो?”

शेठला खोकला आला. वहिनीने दादाकडे बघितलं. तिला हे दोन दिवसांपासून माहीत होतं. पण दादाच पुढे आला.

“मी लावतो. जळकं ऑइल आणि डिझेल. आमचा उस्ताद लावायचा.”

“कधी कधी?”

“रोज.”

“तुमचे उस्तादही रोज लावायचे?”

दादा विचारात पडला. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, त्याला खरंच आठवावं लागलं. “नाही,” तो म्हणाला. “लांबच्या खेपेला निघताना. एरवी त्याला वेळ कुठे असायचा.”

हे बोलून झाल्यावर तो आपल्याच हातांकडे बघायला लागला.

बाई तिथेच खाली बसली. “रबरात मेण घातलेलं असतं. गाडी पळते तसा टायर दबतो, सुटतो, आणि ते मेण आतून अंगावर येतं. दुधावरच्या सायीसारखा पातळ थर. उन्हावाऱ्यापासून तोच राखतो. तुमच्या डिझेलने ती साय रोज पुसून काढली.”

“पण आतून नवी येते ना?” वहिनीला राहवलं नाही.

“आली असती. गाडी चालती तर. उभ्या गाडीची साय एकदा गेली की गेली.”

“म्हणून आतले दोन वाचले! तिथे हात पोचत नाही.”

बाईने तिच्याकडे बघितलं. “आतले तुम्ही बघितलेत?”

“गाडीखाली शिरून.”

बाईने बॅटरी घेतली आणि तीही शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं. “बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि दोघी बायका क्षणभर एकमेकींकडे बघून हसल्या, कोडं सुटल्यावर हसतात तसं. मग वहिनीचं लक्ष नवऱ्याकडे गेलं आणि तिचं हसू जागीच विरलं.

दादा पुढच्या टायरपाशी उभा होता. “म्हणजे मी काहीच केलं नसतं तर बरे राहिले असते,” तो म्हणाला. कुणालाच नाही, टायरला.

“वाईट वाटून घेऊ नका,” बाई म्हणाली. “ही कंपनीची चूक नाही, त्यामुळे वजावट मला लावता येणार नाही. पण टायर कोरे आहेत, दुकान ओळखीचं आहे. गाडी नाइलाजाने उभी राहिली असेल, काही अडचण आली असेल, तर नव्या टायरवर थोडी सवलत मिळते. मी वर बोलून बघते. फक्त कारण सांगा. गाडी एवढे दिवस उभी का होती?”

“गिअरबॉक्स,” धाकटा म्हणाला.

“मंदी हो, मंदी,” शेठ त्याच क्षणी म्हणाला.

“यांचा पाय मुरगळला होता,” वहिनी म्हणाली.

तिघांचं तीन तऱ्हांचं बोलणं शेडच्या पत्र्यावर एकदम आपटलं आणि खाली पडलं. बाई तिघांकडे आळीपाळीने बघत राहिली. धाकट्याचे कान लाल झाले. शेठने टायरांच्या पोकळीत आणखी खाली सरकून घेतलं.

दादा मात्र वहिनीकडे बघत होता. तिच्याकडून त्याला हे अपेक्षित नव्हतं. जन्मभर सगळ्यांना प्रश्न विचारणारी ही बाई, न विचारलेल्या प्रश्नाचं खोटं उत्तर इतकं तयार ठेवून होती. त्याने धाकट्याकडे बघितलं. मग शेठकडे. म्हणजे शेठलासुद्धा ठाऊक होतं. इतके महिने तो एकटा एका गोष्टीवर झाकण धरून बसला होता, आणि आता त्याला दिसत होतं की त्याच झाकणावर बाहेरून सगळ्यांचे हात आहेत, आणि सगळ्यांचेच दुखून आलेत.

“पाय बरा आहे माझा,” तो म्हणाला.

“अहो, राहू दे,” वहिनी हळूच म्हणाली.

“नाही, थांब.” त्याने बोळ्याने काळी झालेली बोटं पँटला पुसली. “गिअर चांगला आहे. क्लच तेव्हाही चांगलाच होता. कामंही येत होती, मीच फोन उचलत नव्हतो. गाडीला काही झालेलं नाही, बाई. त्या वळणावर मला वाटलं, आता हात फिरवला तर गाडी दरीत जाणार, आणि हात फिरवला नाही तरी जाणार. तेव्हापासून किल्ली हातात घेतली की तेच वाटतं.”

त्याने श्वास घेतला.

“मला भीती वाटते. गाडी चालवायची भीती वाटते मला.”